राखेला चिन्नोरचा वास होता

तुमच्या गावचा पुढारी तुमच्या शेजाऱ्याचे नाव टाईप केलेला कागद घेऊन आला आणि ‘इथे सही कर’ म्हणाला, तर तुम्ही आधी काय बघाल? कागद, की पुढाऱ्याचे तोंड? घाईने उत्तर देऊ नका. चांगली माणसे या प्रश्नात नापास झालेली मी पाहिली आहेत. एका दुपारी मीही जवळजवळ नापास झालो होतो. त्याला आता बरीच वर्षे झाली, तरी घरात ताज्या भाताच्या पातेल्यावरचे झाकण निघाले की ती दुपार माझ्यापुढे येऊन उभी राहते.

निवृत्तीला वर्ष उरले होते. मोहाडी तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. हद्दीतल्या एका गावात महिनाभर धुसफूस चालू होती. गावाच्या तोंडाशी कमान बांधायची आणि तिला नाव कोणाचे द्यायचे, एवढाच वाद. पण त्या वादावरून विहारात एक बैठक झाली आणि मंदिराच्या ओट्यावर दुसरी. दोन्हीकडे ठरले की त्या लोकांशी देणेघेणे बंद. मोडेल त्याला समाजातून बाजूला काढायचे.

कागदावर दोन्ही ठराव सारखेच होते. प्रत्यक्षात नव्हते. एका बाजूकडे जमीन जास्त, गावातली दुकाने त्यांची. दुसऱ्या बाजूच्या बौद्ध घरांतल्या बायकांची ऐन कापणीतली मजुरी त्या ठरावाने बंद पडली. दुसऱ्याची चूल विझवू शकणाऱ्याचा बहिष्कार आणि ज्याची चूल विझते त्याचा बहिष्कार यांना एका तराजूत घालणारा पोलीस निष्पक्ष नसतो, आळशी असतो. हे मी तेव्हाही मानत होतो, आजही मानतो.

मोहाडीच्या बाजाराचा दिवस होता. अर्धे गाव बाजाराला गेलेले. दुपारी तीनच्या सुमारास पोलीस पाटलाचा फोन आला.

“साहेब, तलावाखालच्या बांधीत पुंजना जळून राहिला. लवकर या जी. लोकं जमून राहिले.”

कापलेल्या धानाच्या पेंढ्या मळणीपर्यंत शेतातच एकावर एक रचून ठेवतात, तो ढीग म्हणजे पुंजना; बांधी म्हणजे बांध घातलेले धानाचे शेत. वर्षाची मेहनत अशी उघड्यावर उभी असते. ज्याला डाव साधायचा त्याला कुलूप तोडावे लागत नाही. काडी पुरते.

ठाणे दैनंदिनीत नोंद घेऊन आम्ही निघालो. पोहोचलो तेव्हा ढिगाच्या जागी धुमसती राख होती आणि भोवती दोन घोळके होते. त्यांच्या मधली वीस पावलांची जागा रिकामी होती. ती रिकामी जागा बघून मी आणखी कुमक मागवली.

शेत एका बौद्ध शेतकऱ्याचे. पन्नाशीचा, सडपातळ, उन्हाने रापलेल्या चेहऱ्याचा माणूस. तो राखेकडे बघत होता आणि त्याच्या वतीने दुसरेच बोलत होते. बोलणारे त्यांच्या बाजूचे पुढारी, सगळे त्यांना दादा म्हणत. दादांच्या हातात टाईप केलेली तक्रार तयार होती. आग विझायच्या आधी कागद टाईप होऊन आला होता.

“घ्या ठाणेदार साहेब. यात नाव आहे. शेजारच्या बांधीवाला. दोघाईच्या मधल्या धुऱ्यावरून मागच्या महिन्यात भांडला होता. उद्या सकाळपर्यंत आत नाही गेला, त मोर्चा तलावाच्या पाळीवरून मंदिरासमोरून जाईल. मंग आमाले नका म्हणू.”

मी शेतकऱ्याला विचारले, “हे तुम्ही सांगितलंत?”

त्याने दादांकडे बघितले. मग म्हणाला, “सही माहीच आहे जी.”

हे माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. मी ते मनात टाचून ठेवले.

शेजारचा बांधीवाला घरी सापडला, बाजाराला गेला नव्हता. दोन्ही तळवे भाजलेले, त्यांवर हळद लावलेली. गाडीत बसताना त्याने ‘काहून नेता’ एवढेही विचारले नाही. माझ्या अनुभवात खोटा आळ आलेला माणूस ओरडतो, शिव्या देतो, देवाच्या शपथा घेतो. हा गप्प होता. माझा संशय पक्का झाला.

गुन्हा नोंदवला. फिर्यादी बौद्ध असल्याने अ‍ॅट्रॉसिटीची कलमे लागली, म्हणजे तपास उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे जाणार. ते बंदोबस्तासाठी बाहेरगावी होते, सकाळी येणार होते. तोवर प्राथमिक काम माझ्याकडे होते. दुसऱ्या बाजूचे पुढारी, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, त्यांनी एव्हाना मोबाईलवर निरोप फिरवला होता, की निरपराध हिंदू शेतकऱ्याला उचलले, संध्याकाळी सगळ्यांनी ठाण्यावर या. त्यांना ही बातमी माझी गाडी ठाण्यात पोहोचायच्या आधी कळली होती. मला वाटले, माझ्याच माणसांपैकी कोणीतरी बोलले. मी ठाण्यातल्या एकेकाकडे बघितले आणि मनात त्यांची आडनावे आठवत गेलो. वर्षानुवर्षे ज्यांच्यासोबत डबा खाल्ला, त्यांची आडनावे. त्याची मला अजून लाज वाटते. गावाला लागलेला रोग खाकीला लागत नाही, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

संशयिताला समोर बसवले.

“हात कशानं भाजले?”

“चुलीनं.”

“दोन्ही? बायको स्वयंपाक करत नाही का?”

त्याने हळद लावलेले तळवे मांडीवर उलटे ठेवले.

“बाजाराले काहून नाही गेला?”

“मन नव्हतं.”

“पुंजना तू जाळला?”

“तुमाले जे लिहायचं ते लिहा साहेब. मले आत टाका. पण मले गावात काही इचारू नका.”

जवळजवळ कबुलीच! चार्जशीटचा मसुदा माझ्या डोक्यात तयार होऊ लागला. धुऱ्याचे भांडण हा हेतू, भाजलेले हात हा पुरावा, वर हे वाक्य. किती सोपे होते. सकाळी साहेब येतील, फाईल देईन आणि मोकळा होईन.

तेवढ्यात आमची एक महिला शिपाई आत आली. सिहोऱ्याकडची, शेतकऱ्याघरची पोर. पंचनाम्यात राखेतून काढलेल्या अर्धवट जळक्या लोंब्या तिने पाकिटात भरल्या होत्या. ते पाकीट तिने माझ्या नाकापुढे धरले.

“साहेब, वास घ्या.”

“काय आहे?”

“घ्या त खरं.”

मी वास घेतला. धुराच्या मागे एक गोड, ओळखीचा वास होता. भाजून फुटलेल्या दाण्यांचा.

“चिन्नोर,” ती म्हणाली. “दिवाळीले आमच्या घरी याचाच भात होते. पूर्ण आळीले समजते कोणाच्या घरी शिजला ते. पण तक्रारीत काय लिहिलं आहे?”

मी तक्रार काढली. ‘ठोकळ धानाचा पुंजना’ असे लिहिले होते. ठोकळ म्हणजे जाडा भात. मी साकोलीकडच्या धान पिकवणाऱ्या घरातला. जाडा दाणा आणि चिन्नोरचा बारीक सुगंधी दाणा यांतला फरक मला राखेतच कळायला हवा होता. मी राखेकडे पुरावा म्हणून बघितले, धान म्हणून बघितलेच नाही.

पोलीस पाटलाला फोन लावला. “तलावाखाली चिन्नोर कोण लावते?”

तो अडखळला. “एकच जण जी. तुमच्याकडे बसला आहे तो.”

मी लोंब्या संशयितापुढे टेबलावर ठेवल्या. त्याने भाजल्या बोटांनी एक उचलली आणि दोन दाणे सोलले. मग तो रडला. आवाज न करता, मान खाली घालून.

त्याने सांगितलेली हकिगत साधी होती. त्याची बांधी खोलगट. तलावाचे पाणी कापणीनंतरही तिथे झिरपत राहते, पेंढ्या खालून सडतात. शेजाऱ्याची बांधी उंच, कोरडी. म्हणून त्यांच्या बापांच्या काळापासून याचा चिन्नोर त्याच्या बांधीत रचला जाई. शेजाऱ्याचा जाडा भात लवकर निघे, तो मळून घरी गेला की जागा रिकामीच असे. यंदा दोन्ही बैठकांनी देणेघेणे बंद केले. पण पाणी कोणत्याही बैठकीला आले नव्हते, ते झिरपतच होते. तेव्हा दोघांनी कोणाला न सांगता दोन सकाळी पेंढ्या वाहिल्या. धुऱ्यावरचे भांडण? तेही लोकांना दाखवायला केलेले.

“मंग सांगितलं काहून नाही? स्वतःचंच धान जळलं ना तुमचं!”

“सांगून काय, साहेब? माहे लोक म्हणतील, ठराव मोडून त्याईच्या बांधीत ठेवला. पोरीचं लग्न ठरलं आहे. एकही जण मांडवात येणार नाही. जेलात गेलो त निदान आपल्यासाठी गेला म्हणतील.”

माणूस तुरुंग पत्करत होता, कारण शेजाऱ्यावर विश्वास टाकल्याचा गुन्हा त्याच्या गावात आगीपेक्षा मोठा ठरला होता.

मी फिर्यादीला पुरवणी जबाबासाठी बोलावले, एकट्याला. दादा सोबत निघाले होते, त्यांना चहा देऊन बाहेर बसवा असे सांगितले. फिर्यादी आत आला आणि शेजाऱ्याचे हात बघून दारातच थांबला.

“तू इझवाले गेलता?”

“मंग कोण जाईल? तू बाजारात होता.” मग आवाज चढला. “तू काहून सही केला गा? माह्या नावावर?”

“अन् तू काहून नाही बोलला? तोंड शिवलं होतं तुहं?”

“मी काय बोलू? तुह्या बांधीत माहा पुंजना होता म्हणू?”

“तेच मलेही नाही म्हणता आलं ना बे!”

महिला शिपायाने दोघांपुढे चहा ठेवला आणि म्हणाली, “काका, फुंकून प्या, आज खूप भाजलं.” त्या दिवसात पहिल्यांदा कोणी हसले.

आता प्रश्न उरला होता की काडी कोणी लावली. बौद्ध शेतकऱ्याचे धान समजून लावली असेल, तर संशय भाऊंच्या माणसांवर होता. यापुढे मी जे केले ते धोक्याचे होते. भाऊ संध्याकाळी शे-दीडशे माणसे घेऊन फाटकावर आले. मी त्यांना आत घेतले, सोबत त्यांची खास चार माणसे. त्यांत संशयिताचा सख्खा पुतण्या होता, भाऊंच्या मोटारसायकल रॅलीत झेंडा घेऊन पुढे असणारा तरुण.

भाऊ बसताच म्हणाले, “आमचा माणूस सोडा, नाहीतर आम्ही इथून हलत नाही.” पण त्यांच्या आवाजात घाई नव्हती. माणूस आत राहिला तर त्यांना चालणार होते, उलट हवेच होते. दादांना आरोपी हवा होता, भाऊंना हुतात्मा. माणूस एकच पुरत होता.

मी पुतण्याकडे बघत शांतपणे म्हणालो, “सोडतोच आहे. जळाला तो पुंजना याच्याच काकाचा होता. चिन्नोर. हात विझवताना भाजले.”

पुतण्या भाऊंकडे वळला.

“भाऊ, तुमी त म्हटलं होतं ना, त्याईचाच आहे म्हणून!”

भाऊ म्हणाले, “हा काय बरळून राहिला?” आणि खुर्ची मागे सरकवली. पण वाक्य बाहेर पडले होते.

पोलिसापुढची कबुली न्यायालयात चालत नाही, हे मला ठाऊक होते. म्हणून मी तिच्यावर थांबलो नाही. पुतण्याने तलावाच्या काठावरच्या बेशरम नावाच्या रानटी झुडपातून पेट्रोलची बाटली काढून दिली, पंचांसमोर. सकाळी साहेबांनी तपास हाती घेतला. अ‍ॅट्रॉसिटीची कलमे गेली नाहीत. बौद्ध शेतकऱ्याचे धान समजूनच आग लावली होती, त्यामुळे कलमे राहिली, फक्त आरोपीचे नाव बदलले. कायदा खोटा नव्हता. त्यात भरलेले नाव खोटे होते. हा फरक ज्यांना सोयीचा नाही, ते आजही माझी ही केस अर्धीच सांगतात.

मोर्चा निघाला नाही. पुतण्याने दंडाधिकाऱ्यांपुढे भाऊंचे नाव घेतले आणि पुढे सुनावणीत तो जबाब फिरवला. त्याला शिक्षा झाली. भाऊ सुटले. दादांना त्या टाईप केलेल्या कागदाबद्दल कोणीच काही विचारले नाही. कमान अजून बांधली गेलेली नाही आणि दोघांच्याही गाड्यांमागे गर्दी असते.

या केसने मला शिकवले ते माझ्याविषयीच. मी भाजलेले हात बघितले आणि गुन्हेगार ठरवून मोकळा झालो. संशय घेणे हा माझा धंदा होता, पण मी तो दोन गप्प शेतकऱ्यांवर घेतला आणि तयार कागद घेऊन आलेल्या माणसावर घ्यायला विसरलो. आगीच्या जागी जो राखेपेक्षा आधी उत्तर घेऊन येतो, त्याच्यावर पहिला संशय घ्यावा, मग तो कोणत्याही झेंड्याखाली उभा असो. आपल्या झेंड्याखाली उभा असेल तर जास्तच.

निवृत्त झाल्यावर एकदा त्या गावी गेलो. फिर्यादी बांधीतच भेटला. त्याच्या जागेत पुंजना उभा होता. कोणाचा, ते वासावरून कळत होते. मी विचारले, “तो कागद सही करायच्या आधी वाचला होता का?”

“वाचलो होतो जी,” तो म्हणाला. “त्याचं नाव वाचून पेन खाली ठेवला होता. पण पाच माणसं उभी होती. त्याच्या घरी जाऊन इचारायले पाच मिनिटं लागले असते. तेवढी हिंमत नाही झाली.”

म्हणून तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या गावात, तुमच्या आळीत, तुमच्या मोबाईलवर कोणाच्या नावाचा कागद सहीसाठी येईल तेव्हा ती पाच मिनिटे घ्या. पेन खाली ठेवा, उठा आणि ज्याचे नाव लिहिले आहे त्याच्या दारात जाऊन उभे राहा. त्याला तोंडावर विचारा. सही त्यानंतर करा.