रुपरावजींचे तीस कागद

नागपूरच्या जिल्हा कचेरीत सायकल स्टँडच्या टिनाखाली माझं टाइपरायटरचं टेबल होतं आणि शेजारी रुपरावजी अर्जनवीसांची लाकडी पेटी. ते अर्ज हाताने लिहीत, मी तो टाइप करी. म्हणजे माझं पोट त्यांच्या अर्जांवर, आणि त्यांना खोड काय, तर लोकांना अर्ज न लिहिताच घरी पाठवायची! हलवायानेच गिऱ्हाइकाला जिलबी खाऊ नको म्हणावं, तसला प्रकार.

सांडपाण्याच्या नालीवरून भांडत आलेल्या दोन शेजाऱ्यांना ते विचारत, "नाली उपसाले किती वेळ लागते गा? अन् केस चालाले?" दोघं एकमेकांकडे बघत उठून जात, आणि मी मशीनमध्ये घातलेला कागद मुकाट्याने परत काढी. पण कुणाला खरीच इजा झालेली असली की हेच रुपरावजी हटून बसत. टांग्याखाली पाय सापडलेला असो की घरमालकाच्या मोडक्या जिन्यावरून पडलेला, सगळ्यांना एकच मंत्र. "पडला त आधी दोन माणसाईची नावं विचार, मंग बोंबल. अन् दवाखान्याची चिठ्ठी जपून ठेव."

सदुसष्ट सालच्या उन्हाळ्यात बळीराम आणि त्याची बायको मनकर्णा आमच्याकडे आली. बळीराम कापसाच्या जिनिंग कारखान्यात हंगामापुरता कामाला. मुकादमाने सांगितलं म्हणून पौषात तो चालत्या यंत्रात अडकलेला कापूस काढायला गेला आणि उजवा हात मनगटापासून गमावून बसला. पदरात दोन लेकरं. भरपाई मिळाली तर मनकर्णा दोन म्हशी घेणार होती. नाहीतर थोरल्या पोरीची शाळा सोडवून तिला विड्या वळायला बसवायचं ठरलं होतं. रुपरावजींनी अर्ज लिहिला, मी टाइप केला, आणि तो कामगारांच्या भरपाईचे दावे बघणाऱ्या कमिशनरसाहेबांकडे गेला.

महिन्याभराने कारखान्याचं उत्तर आलं. बळीरामला भरपाई केव्हाच पोहोचली, तशा कागदावर त्याचा अंगठा आहे, आता मागणं उरलं नाही.

"फुटका पैसा नाई भेटला जी," बळीराम रडकुंडीला येऊन म्हणाला.

अंगठा मात्र त्याचाच होता. पुरुषाचा डावा अंगठा घ्यायची रीत, आणि डावा हात तर शाबूत! उजव्याच्या जागी डावा गेला असता, तर ही लबाडी तिथेच उघडी पडली असती.

रुपरावजी तो कागद बघायला साहेबांच्या कार्यालयात गेले आणि तोंड उतरवून परत आले. चहा मागवला, तो समोर निवून गेला.

"आनंदराव," ते हळूच म्हणाले, "तो कागद माह्याच हातचा हाये."

मागच्या दसऱ्याआधी कारखान्याचे दिवाणजी त्यांच्याकडे आले होते. कुणाला लागलंच, तर पैसे जागच्या जागी देऊन टाकू, कागद तयार असलेला बरा, असं गोड बोलले. 'इजेबद्दल भरपाई पोहोचली, माझी काही तक्रार नाही,' असे तीस कागद रुपरावजींनी एका बैठकीत लिहून दिले. नाव, रक्कम आणि तारीख कोरी. "माह्या अक्षराची तारीफ केली त्यानं, अन् मी फुगलो," रुपरावजी म्हणाले. पुढे काय झालं ते उघड होतं. कामावर घेताना हजेरीच्या नावाखाली दिवाणजींनी त्याच कागदांवर नावं घालून सगळ्यांचे अंगठे घेऊन ठेवले.

मी त्यांना म्हटलं, "गप राहा. अक्षर कोण ओळखणार? उगाच परवाना घालवून बसाल." हे मी म्हटलं, याची मला आजही लाज वाटते.

ते उठले आणि झाडाखाली बसलेल्या मनकर्णेपुढे जाऊन त्यांनी सगळं सांगून टाकलं. ती ऐकत राहिली.

"तुमीच लिवला?"

"हो वं बाई."

"मंग तुमीच सांगा सायबाले. आमचं कोन आयकते?"

ती रडली नाही, ओरडली नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर रुपरावजींना सोपं गेलं असतं, असं मला वाटलं.

तारखेच्या दिवशी ते साक्षीला उभे राहिले. कारखान्याच्या वकिलाने हसत विचारलं, "म्हणजे असले कोरे कागद लिहिणं हा तुमचा धंदाच आहे तर?"

"एकदा केला," रुपरावजी म्हणाले. मग कमिशनरसाहेबांकडे वळले. "साहेब, मी तीस कागद लिहिले. एक तुमच्यापुढे हाये. बाकीचे एकोणतीस मागवा."

वकिलाशेजारी बसलेल्या दिवाणजींनी पायाशी ठेवलेली कापडी पिशवी चटकन मांडीवर ओढली. साहेबांनी ती बघितली आणि रिकामी करायला लावली. पुडकं तिथेच निघालं. शहाण्याने बळीरामचा कागद त्यातूनच काढून दाखल केला होता, आणि बाकीचे तेव्हापासून पिशवीतच राहिले होते. साहेबांनी एकेक कागद उलटला. तारीख कोरी, रक्कम कोरी, आणि खाली अंगठे. ज्यांना अजून काही झालंच नव्हतं, अशा एकोणतीस धडधाकट माणसांचे अंगठे.

भरपाईचा हुकूम झाला. रुपरावजींचा परवानाही गेला, मी म्हटलं होतं तसाच. पेटी त्यांनी घरी नेली, पण माणूस सकाळी टिनाखाली हजर. माझ्या बाकावर बसून तसेच सल्ले देत, माझी गिऱ्हाइकं तशीच पळवीत. आणि त्या तीन महिन्यांत, हुकूम होऊन पैसे हाती येईपर्यंत, ते बळीरामला रोज तासभर पाटी घेऊन बसवत. डाव्या हाताने एकच शब्द गिरवायचा. पाटी सरके म्हणून मनकर्णा ती धरून बसे. ती रुपरावजींशी कामापुरतंच बोलायची, पण चहा आला की पहिला कप त्यांच्यापुढे सरकवायची.

पैसे घ्यायच्या दिवशी ओळख द्यायला मी बरोबर गेलो. रुपरावजी दाराबाहेरच थांबले. कारकुनाने सवयीने शाईची गादी पुढे केली. बळीरामने ती परत सरकवली आणि टाक मागितला. कारकून वैतागून घड्याळाकडे बघू लागला.

बळीरामने टाक डाव्या हातात धरला, पण लगेच टेकवला नाही.

"कागदावर का लिवलं ते वाचून दाखवा जी," तो म्हणाला, "अन् तारीख पयले."

मी तारखेपासून सगळा कागद मोठ्याने वाचला. मग त्याने वाकून, एकेक अक्षर करत, आपलं नाव लिहिलं.