पोरगी पाण्याला गेली तवा

हे म्या आजवर कुणाला सांगितलेलं न्हाय. पोरांना न्हाय, मठातल्या अय्याला न्हाय, आन् जिला सांगायला पाहिजे हुतं तिला तर न्हायच न्हाय. ती आता गेली. घरात बसवत न्हाय, बाहेर करमत न्हाय. सकाळपास्नं कितींदा चपला घातल्या आन् काढल्या. म्हणून लिहाय बसलो. शिक्षण थोडकं आहे, त्यातलं निम्मं उर्दूत झालं. चुका दिसतील, दिसू द्या.

निजामाच्या राजात मी एका तालुक्याच्या कचेरीत चपराशी हुतो. कुठल्या तालुक्याच्या, ते लिहीत न्हाय — त्या कचेरीचा काय दोष? गाव माझं सोनारीकडचं. खांद्यावरनं पितळी बिल्ल्याचा पट्टा घातला की गावात लोक वाट सोडायचे. पण काम काय? दारात उभं राहायचं. आत साहेब, मधी वाळ्याचा पडदा, बाहेर मी. मुकदमे मांडणारा पेशकार आतनं नाव सांगायचा, आन् मी व्हरांड्याच्या कडंला येऊन तीन डाव पुकारायचं — अमुक वल्द अमुक, हाजिर है? माणूस आला तर आत सोडायचा. तीन पुकारीत आला न्हाय तर गैरहाजर. मुकदमा खारीज.

बाकी सारा दिवस काय करायचं, सांगा? पडद्यावर पाणी मारायचं. तंबाखू मळायची. मुंगळ्यांची झुंज लावायची. भिंतीवरल्या पालींना आमी नावं ठेवली हुती, त्यातली जाडी हुती तिला पेशकारीण म्हणायचो. पाय दुखायचे त्याचं काय न्हाय, पण रिकामपणानं डोकं भणभणायचं. समोर लिंबाखाली माणसं बसलेली असायची. आमच्या तोंडाकडं बघत. लांबलांबनं चालत आलेली, भाकरी बांधून आणलेली. आन् आमी त्यांच्याकडं बघून कटाळायचो. असं कसं व्हतं माणूस? व्हतं. मी झालो हुतो.

माझ्या जोडीला महेबूब नावाचा चपराशी हुता. आमी दोघांनी एक खेळ काढला. खरं बोलायचं तर म्या काढला. नाव इतकं हळू पुकारायचं की लिंबाखाली एक मान हलली न्हाय पाहिजे. ओठ तर हलले पाहिजेत, आवाज तर निघाला पाहिजे, पण पायरीखाली उतरला न्हाय पाहिजे. तिन्ही पुकारी अशा गेल्या की जिंकलो, दुसऱ्यानं विडी द्यायची. आन् मग चौथी, खरी, लिंबाची पाखरं उडतील अशी. माणूस धडपडत यायचा, पटका सावरत, आन् आमी गालात हसायचो. कुणाचं काय बिघडत नव्हतं — असं आमी म्हणायचो.

इथं हात थांबतो. पण पुढं लिहितो.

एक बसप्पा म्हणून आमच्यातलाच शेतकरी हुता. विहिरीखालच्या रानावर भाऊबंदांनी हक्क सांगितला हुता, त्याची पेशी हुती. म्हातारा कानानं मंद. पोरगा न्हाय, म्हणून थोरली लेक संगं आणलेली. गंगव्वा. लग्नाच्या वयाची. बाकीच्या बायका आमच्यापुढं मान खाली घालायच्या. ही न्हाय. ही ताठ बसून माझ्या तोंडाकडं बघत हुती, डोळं न हलवता. बापाचं नाव कधी निघतं त्यावर टपलेली. मला वाटलं, हिला हरवायचं. कशाला? ती माझी कोण हुती? तरी वाटलं.

दुपारी ती उठली, पल्याडच्या रांजणावरनं बापासाठी तांब्याभर पाणी घेऊन आली. परत येऊन बसली. हे म्या माझ्या डोळ्यानं बघितलं — ती परत येऊन बसली, बापाला पाणी पाजलं, पदरानं तांब्या पुसला. त्याच्या बऱ्याच टायमानं पेशकारानं नाव सांगितलं.

महेबूब म्हणला, "इसको छोड दे यार. बुड्ढा है."

म्या म्हणलं, "विडी काढून ठेव."

खांबाकडं तोंड केलं आन् खांबाला सांगितल्यावानी पुकारलं. एकदा. दोनदा. तीनदा. तिरप्या नजरेनं बघितलं तर पोरगी तशीच ताठ बसलेली, जागी, सारा जीव कानात आणून. मी जिंकलो. चौथीसाठी छाती भरून घेतली — आन् आतनं साहेबांचा आवाज आला. त्यांना त्या दिवशी दौऱ्यावर निघायचं हुतं, घोडं तयार हुतं. विचारलं, "हाजिर है?"

एवढं म्हणता आलं असतं — सरकार, थांबा, आणिक एकदा पुकारतो. पट्टा गेला असता का? बहुतेक न्हाय. एखादी शिवी बसली असती. पण मी पडदा सारून आत गेलो आन् म्हणलं, "तीन बार पुकारा सरकार, कोई नहीं." खारीज. पेशकारानं कागद पालथा घातला.

एवढंच असतं तर बरं हुतं. एवढंच न्हाय.

साहेब गेल्यावर म्हातारा पायऱ्या चढून आला. "आमचं नाव कवा निघायचं, बाबा?" पोरगी मागं उभी. म्या म्हणलं, तुमचं झालं, खारीज झालं. त्याला आधी समजलंच न्हाय. मग म्हणला, "कवा पुकारलं?"

आन् माझ्या तोंडातनं निघालं, "पोरगी पाण्याला गेली तवा."

विचार करून बोललो न्हाय. पण सुचलं तर खरं ना? सारी चूक उचलून मी एका पोरीच्या डोक्यावर ठेवली. म्हातारा वळला. मारलं न्हाय. शिवी दिली न्हाय. एवढंच म्हणला, "कान म्हणून आणली हुती ग तुला."

महेबूब आत निघून गेला. त्यानं विडी पायरीवर ठेवली हुती. ती म्या वढली.

फिरून अर्ज करायला जिल्ह्याला जावं लागायचं. म्हातारा गेला न्हाय. भाऊबंदांनी रान नांगरलं. पुढल्या साली आमच्या पावण्यांनी माझ्यासाठी एक पोरगी सांगितली, बापाची ऐपत न्हाय म्हणून बसलेली. नाव ऐकलं — बसप्पाची गंगव्वा. तरी व्हय म्हणलं. हुंडा घेतला न्हाय. गाव म्हणला, मोठ्या मनाचा माणूस. पाप फेडायला लगीन केलं का? न्हाय. ती मला आवडली हुती. फेडायचं असतं तर पयल्या राती बोललो असतो.

रजाकाराची धामधूम झाली, निजाम गेला, कचेरीत मराठी आली, चपराशाचा शिपाई झाला. सगळं बदललं, ही गोष्ट तेवढी न्हाय. गंगव्वा आयुष्यभर सावध निजली. शेजारच्या दारात कुणी हाक मारली तरी ही भाकरी टाकून उंबऱ्यात. पोरं हसायची, आई तुला न्हाय, त्यांना हाक मारली. कधी कधी पोरांना सांगायची, माझ्यामुळं अप्पाचं, तुमच्या आज्याचं, रान गेलं. मी तिथंच असायचो. तंबाखू मळत. एकदा थोरल्यानं विचारलं, "दादा, तुमीच हुता ना तवा कचेरीत?" म्या म्हणलं, हुतो. आन् उठून गोठ्यात गेलो.

सासरा मरायला टेकला तवा तिनं त्याच्या पायावर डोकं ठेवून माफी मागितली. त्याला ऐकू जातंय का न्हाय, कुणाला ठावं. तो डोळं मिटून पडलेला. मी तिच्या मागं उभा हुतो, हातभर अंतरावर. तवा बोललो असतो तर? तिला हाताला धरून उठवलं. बाया म्हणल्या, कसा जपतो बघा बायकूला.

औंदा उन्हाळ्यात ती गेली. आमच्या लिंगायत रीतीनं लिंग छातीशी देऊन, बसवून मातीत ठेवली. त्याच्या आदल्या दिवशी डोकं अगदी साफ हुतं तिचं. मला जवळ बोलावलं, म्हणली, "अवो, वर अप्पा भेटले तर काय सांगू त्यांना?"

घरात कुणी नव्हतं. ती वाट बघत हुती. तिच्या डोळ्यापुढनं लपायला आता माझ्याकडं काय राहिलं हुतं? पट्टा न्हाय, साहेब न्हाय, कोण न्हाय.

म्या म्हणलं, "सांग की तुमच्यासाठीच पाणी आणायला गेले हुते. समजून घेतील."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं.