बाजारात जेवण्याचे दिवस

आई गेली त्या वर्षी वैशाखापासून दसऱ्यापर्यंत बाबा आणि मी इंदूरच्या बाजारात जेवलो. मी तेव्हा कॉलेजात इंटरला होते.

मला स्वयंपाक येत होता, हे आधीच सांगते, कारण पुढे सगळ्यांनी तेच विचारलं. आईला ताप आला आणि आठवडा पुरा व्हायच्या आत ती गेली. तेरावं झालं, पाहुणे पांगले. शेवटी राहिलेल्या मावशीने स्वयंपाकघर धुऊन पुसून काढलं, दाराला कडी घातली आणि तीही आपल्या घरी गेली. ती कडी दुसऱ्या दिवशी मी काढली नाही. बाबांनीही काढली नाही. संध्याकाळी ते कचेरीतून आले, टोपी खुंटीला लावली, थोडा वेळ उभे राहिले, टोपी परत डोक्यावर घातली आणि म्हणाले, "चल, जरा बाजारात जाऊन येऊ."

पहिल्या दिवशी आम्ही राजवाड्याजवळ एका बाकावर बसून कचोरी खाल्ली. नंतर सगळं आपोआप ठरत गेलं. सकाळी पोहे-जलेबी. दुपारी बाबा कचेरीत असत, मी कॉलेजातून येताना दोन केळी घेई. संध्याकाळी सराफा. सोन्याचांदीची दुकानं बंद व्हायला लागली की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याच्या कढया मांडल्या जात. पावसाळ्यात मक्याच्या भुट्ट्यांचा कीस मिळे, दुधात शिजवलेला. उपासाच्या दिवशी साबूदाण्याची खिचडी. पोटभर जेवायचं असेल तर गल्लीत एका मारवाड्याचा बासा होता. बासा म्हणजे खाणावळ. तिथे पाटावर बसून दाळ-बाफले, म्हणजे वरणाबरोबर उकडून भाजलेले कणकेचे गोळे, खायचे आणि वाढणारा नको म्हटलं तरी तूप ओतायचा. कुठे काय चांगलं मिळतं हे त्या पाच-सहा महिन्यांत मला इतकं पाठ झालं की पुढे कित्येक वर्षं नातेवाईक मलाच विचारायचे. मी सांगायचे. पण कशाची चव कशी होती, हे मात्र मला सांगता यायचं नाही.

त्या काळी आमच्यातल्या मुली बाजारात बसून खात नसत. बायका खरेदीला येत, खायचं असलं तर पुडा बांधून घरी नेत. सगळ्या माणसांत मी एकटीच मुलगी असायची. लोक बघत. मला लाज वाटायला हवी होती, पण वाटत नव्हती. पोहेवाल्यालाच कसंतरी झालं असावं. एका सकाळी त्याने आपल्या ठेल्यामागे बारदानाचा पडदा बांधला, आत एक स्टूल ठेवलं आणि बाबांना म्हणाला, "बाऊजी, बाई को इधर बिठा दो. उधर गर्दी में अच्छा नहीं लगता." मी तिथे बसू लागले. बाबा पडद्याबाहेर उभे राहून खात. आम्ही बोलत नसू. घरी तरी काय बोलत होतो?

श्रावणात आत्या देवासहून आली. बाबांची मोठी बहीण. आम्ही बाजारात जेवतो हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. आल्या आल्या तिने पिशवी ठेवली आणि थेट स्वयंपाकघराची कडी काढली. कणकेत अळ्या झाल्या होत्या, डाळीला कीड लागली होती. तिने सगळं अंगणात नेऊन ओतलं, डबे घासले, उन्हात पालथे घातले. मग मला हाक मारली.

"अगं, एवढी मोठी पोरगी तू. खुल्ल्या बाजारात बसून खातेस? तुझ्या आईनं काही शिकवलं नाही का?"

"शिकवलं."

"मग कर की. ही सिगडी, हा कोळसा. मी बघते इथे बसून."

मी सिगडीत कोळसे घातले. काडी ओढली. ती जळत बोटापर्यंत आली, तरी मी तशीच उभी होते. आत्याने माझ्या हातातून काडी झटकली. रागाने नव्हे. ती घाबरली होती. दारात बाबा येऊन उभे होते. ते म्हणाले, "राहू दे, अक्का. बाजार आहे ना."

"बाजार काय जन्मभर आहे?"

आत्या तीन-चार दिवस राहिली, रांधून वाढत राहिली, आणि आम्ही दोघंही मुकाट्याने जेवत राहिलो. ती गेली तेव्हा डब्यांत नवीन कणीक, नवीन डाळ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोहेवाल्याकडे होतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते झालं. मी पडद्यामागे बसून नेहमीसारखी पोह्यांचा दोना, पानांचा द्रोण, संपवत होते. बाहेर कुणीतरी चिडून बोलत होतं. मग आणखी कुणी. "क्यों भिया, पोहे हैं कि नमक की खदान?" दोने फेकल्याचे आवाज आले. पोहेवाल्याने चिमूटभर तोंडात टाकले आणि लगेच थुंकले. त्याच्या बायकोने घरी मीठ घातलं होतं, आणि ठेल्यावर आल्यावर त्याने पुन्हा घातलं होतं. तो कपाळावर हात मारून घेत होता. मग त्याचं लक्ष बाबांच्या हाताकडे गेलं. दोना रिकामा होता. त्याने पडदा सारून माझ्याकडे बघितलं. माझाही रिकामा होता.

"बाऊजी, आपने बताया क्यों नहीं?"

बाबा म्हणाले, "हमको तो ठीक लगा."

मग त्याने मला पाण्याचा लोटा दिला. काही विचारलं नाही. आई गेल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या सकाळी त्याला कळलं असावं.

आम्ही खजुरी बाजारातून घराकडे निघालो. बाबा माझ्या पुढे चालत असत, त्या दिवशी बरोबरीने चालले. चालता चालता म्हणाले, "तुला कळलं होतं?"

"काय?"

"मीठ."

"नाही."

"मलाही नाही." मग म्हणाले, "कधीपासून?"

मी म्हटलं, "आई गेल्यापासून."

त्यांनी मान हलवली. आई गेल्यानंतर आमच्या दोघांत तिचं नाव पहिल्यांदा निघालं ते तेव्हा, रस्त्यात, टांग्यांच्या गर्दीत. दोघांपैकी कुणीच रडलं नाही. घरी पोचलो तेव्हा घसा कोरडा पडला होता. आम्ही माठातलं पाणी पीत राहिलो, एकापाठोपाठ एक पेले.

त्या काळात मध्यभारताचं सरकार अर्धं वर्ष इंदूरला आणि अर्धं वर्ष ग्वाल्हेरला असायचं. थंडी पडायच्या आधी फायलींचे गठ्ठे, टाइपरायटर आणि कारकून असं सगळं रेल्वेने तिकडे जाई. बाबा दरवर्षी एकटे जात, आई आणि मी इथे राहत असू. त्या वर्षी आत्याचा निरोप आला की मुलीला देवासला पाठवून दे. बाबांनी मला विचारलं, "काय करतेस?"

"तुमच्याबरोबर येते."

"कॉलेज?"

"तिथेही असेल."

ते हो म्हणाले. एवढंच बोलणं झालं. दसरा झाल्यावर घराला कुलूप लावून आम्ही निघालो.

ग्वाल्हेरला लष्कर भागात एका माडीवर खोली मिळाली. कोपऱ्यात एक मोरी, एक खिडकी, आणि खिडकीखाली चुलीसाठी मातीने सारवलेली जागा. आधी तिथे कोण राहत होतं, कोण रांधत होतं, मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाबा कचेरीत गेले. मी खाली जाऊन लाकडं, बटाटे, कणीक आणि तेल आणलं आणि चूल पेटवली. काही ठरवून केलं नाही. पोळ्या वाकड्या झाल्या, बटाटे थोडे करपले. काही वाटलंही नाही, दुःख नाही की आनंद नाही. हात चालत होते.

बाबा संध्याकाळी आले. टोपी काढली, कुठे लावावी म्हणून खुंटी शोधू लागले. खुंटी नव्हती. ती हातातच धरून त्यांनी ताटाकडे पाहिलं.

"तू केलंस?"

"हो."

ते पाय धुऊन आले आणि बसले. पहिला घास घेतला, हळूहळू चावला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"बटाटा करपलाय," ते म्हणाले.

"हो, थोडा."

"कळतंय," ते म्हणाले, आणि त्यांनी पोळीसाठी ताट पुढे केलं.