पुलाला लागणारे माथे

जोबेदा खाला नदीवर बांधल्या जाणाऱ्या पुलाच्या छावणीत मजुरांचा स्वयंपाक करायची. नवरा नदीत बुडाल्यापासून हेच काम. मुलगी शिरीन पलीकडच्या काठावर दिलेली. तिची छोटी लेक टुकटुकी दर शुक्रवारी नावेतून आजीकडे यायची. जोबेदाचा सगळा आठवडा त्या शुक्रवारासाठी चालायचा.

एका सकाळी मुकादम मतीन फोनवर ओरडत होता, "अजून तीन माथे लागतील, पाणी चढायच्या आत!" खांबाच्या वरच्या टोकाला छावणीत माथा म्हणतात. जोबेदाने ही गंमत हापशावर सांगितली. "मला वाटलं, डाळीत घालायला रुई माशाचे माथे मागतोय मेला!"

बायका हसल्या. पण जरा उशिरा हसल्या.

थोड्याच दिवसांत गावभर झालं की पूल पोरांची डोकी मागतोय, आणि नावांची यादी जोबेदाच्या हातून छावणीत जाते. जोबेदा घरोघर जाऊन समजावू लागली. लोक शांतपणे ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे. "बरोबर आहे खाला. तुला असंच बोलावं लागणार." इमामांनी मशिदीच्या भोंग्यावरून अफवा खोटी असल्याचं सांगितलं, तेव्हा ज्यांच्या कानावर ती आली नव्हती त्यांनीही पोरं घरात घेतली. काहीच नसेल तर भोंगा कशाला?

तिला कोणी शिवी दिली नाही. उलट दारात वस्तू येऊ लागल्या. अंडी, पपई, एकदा पाय बांधलेली कोंबडी. ठेवणारा दिसायचा नाही. हापशावर तिला 'तू' म्हणणाऱ्या बायका 'तुम्ही' म्हणू लागल्या.

मग टुकटुकी यायची थांबली.

जोबेदाने शिरीनला छावणीत नेलं. मतीनने खांबाच्या टोकावर थाप मारली. "हा बघ माथा. सिमेंट, खडी, सळ्या. तुझी आई आम्हाला डाळच वाढते गं, माणसं नाही." शिरीन हसली. सिमेंटवरून हात फिरवत तिने हळूच विचारलं, "आणि ह्याच्या आत?"

खांब फोडून दाखवणं शक्य नव्हतं.

आणखी काही शुक्रवार रिकामे गेले. शेवटी जोबेदाने नावाड्याजवळ निरोप दिला, "पोरीला पाठव. तिचं नाव मी काढून घेतलंय."

शुक्रवारी टुकटुकी आली. शिरीन स्वतः सोडायला आली, आईच्या गळ्यात पडून रडली आणि निर्धास्त परतली. नावाड्याने निरोप मात्र सगळ्या नावेला ऐकवला होता.

दुपारी शेजारची मोर्जिना दुधी घेऊन अंगणात आली. मागे आणखी बायका. पोरं कडेवर, पदर पोरांच्या डोक्यावरून ओढलेले. टुकटुकी खापराचे तुकडे रचत बसली होती. मोर्जिना तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"गोड आहे हो. हिचं काढलंत ते बरं केलंत खाला. कोणीही हेच केलं असतं." तिने दुधी उंबऱ्यावर ठेवला. "पण हिच्या जागी कुणाचं घातलंत?"