पुसलेलं परत आणणारं यंत्र

पोलीस मुख्यालयाच्या हिशेब शाखेतल्या त्या गृहस्थांना सगळे 'कशालासाहेब' म्हणत. तोंडावर नुसतं 'साहेब'. पाठ वळली की बाकीचं. खालून आलेल्या प्रत्येक मागणीवर ते हिरव्या शाईनं एकच शब्द लिहून ती परत खाली पाठवत. गस्तीला विजेऱ्या हव्यात. कशाला? जिन्याखालच्या खोलीला कुलूप हवं. कशाला? श्वानपथकाच्या जवानानं कुत्र्याचा खुराक वाढवून मागितला, तेव्हा त्यांनी कुत्र्यालाच समक्ष हजर करायला सांगितलं. कुत्रा आला, टेबलाभोवती एक चक्कर मारली आणि त्यांच्या बुटापाशी निवांत बसला. साहेबांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग जवानाच्या पोटाकडे.

"हा बारीक आहे. आहे तो खुराक नक्की याच्याच पोटात जातो ना?"

खुराक वाढला. जवान पुढे वर्षभर त्यांना जिन्यात दिसला की पोट आत घेऊन सलाम करी.

माणूस लबाड नव्हता, हे त्यांचे शत्रूही मान्य करत. आयुष्यात त्यांनी कुणाचा चहा फुकट घेतला नव्हता. त्यामुळे जो कोणी चहा विचारी, त्याच्याकडे ते खिसेकापूकडे बघावं तसं बघत. घरीही ही शाखा बंद होत नसे. बायको दोरा आणायला खाली उतरली, तरी कुठल्या दुकानातून, त्याच दुकानातून का, आणि कालच आणला होता त्याचं काय झालं, एवढं विचारूनच ते वर्तमानपत्राकडे वळत. "आमच्या हिच्याकडे लपवण्यासारखं काही नाही," असं ते चारचौघांत अभिमानानं सांगत. लपवायला घरात जागाच ठेवलेली नव्हती, हेही त्याचं कारण असू शकेल.

अशा माणसाच्या टेबलावर एक दिवस मोबाइल उघडणाऱ्या मशीनची मागणी आली.

मागणी सायबर शाखेच्या इन्स्पेक्टर बाईंची होती. ही शाखा म्हणजे बोळाच्या टोकाची, बिनखिडकीची, एके काळी जुने कागद ठेवायची खोली. तिथल्या लोखंडी कपाटात गुन्ह्यांत जप्त झालेले फोन कागदी पाकिटांत घालून ठेवले होते. ते उघडायला लांबच्या प्रयोगशाळेत पाठवावे लागत आणि तिथून परत यायला वर्ष उलटून जाई. मशीन आलं तर कुलूपबंद, फुटलेले फोन इथेच वाचता येतील, पुसलेलंसुद्धा परत आणता येईल, असं बाईंचं म्हणणं. कशालासाहेब स्वतः कपाट बघायला गेले. बाईंनी एक पाकीट उघडून काच फुटलेला फोन पुढे धरला.

"हा एका ड्रायव्हरचा. चोरीच्या आरोपाखाली आत आहे. त्या वेळी मी दुसऱ्याच गावात होतो, फोनमध्ये बघा, म्हणतो. बघणार कसं?"

"फोडला कुणी?"

"अटकेच्या वेळी पडला, असं लिहिलंय."

"लिहिलेलं मलाही वाचता येतं. फोडला कुणी?"

बाईंनी केसांत खोचलेला चष्मा डोळ्यांवर घेतला. "म्हणूनच मशीन हवंय, सर."

उत्तर त्यांना आवडलं. आणि आवडलं म्हणून लगेच संशयही आला.

निधी होता, हे आणखी संशयास्पद. पोलिसांच्या आधुनिकीकरणासाठी वरून रक्कम आली होती आणि वर्षअखेर खर्च झाली नाही तर परत जाणार होती. मशीन विकणारी कंपनी एकच. तिचा विक्रेता आला. इस्त्रीच्या घडीसारखा माणूस, हसूसुद्धा घडी न मोडता हसायचा.

"या किमतीत सगळं आलं?" कशालासाहेबांनी विचारलं.

"सगळं सर. फक्त लायसन्स दर वर्षी वेगळं."

"आणि ते घेतलं नाही तर?"

"मशीन चालू राहतं सर. फक्त काही उघडत नाही."

"म्हणजे माझ्या मेव्हण्यासारखं," साहेब म्हणाले आणि प्रात्यक्षिक मागितलं.

प्रात्यक्षिक मोठ्या साहेबांच्या, म्हणजे अधीक्षकांच्या दालनात ठरलं. विक्रेत्यानं मशीन पडद्याला जोडलं आणि म्हणाला, "कुणाचाही फोन द्या सर. कुलूप लावून द्या."

कुणाचाही हात खिशाकडे गेला नाही. मोठ्या साहेबांचा फोन नेमका घरी चार्जिंगला राहिला होता. तसं सांगताना त्यांच्या खिशात काहीतरी थरथरलं. बाईंच्या फोनमध्ये चालू तपासाची गोपनीय माहिती होती. चहा घेऊन आलेला शिपाई कप तसेच ठेवून बाहेर गेला, तो परत आलाच नाही. कशालासाहेबांनी एकेकाचा चेहरा वाचला. इतके दोषी चेहरे त्यांना कोठडीतसुद्धा एकदम बघायला मिळाले नव्हते.

"माझा घ्या," ते म्हणाले. त्या दोन शब्दांत त्यांची उभी हयात होती.

फोन त्यांचा असला तरी मुळात मुलीचा. दोन वर्षांपूर्वी तिनं नवा घेतला, तेव्हा जुना बाबांना दिला. "सगळं पुसून देऊ का?" तिनं विचारलं होतं. "कशाला? नातवाचे फोटो राहू देत," ते म्हणाले होते. तिनं मग फक्त आपले निरोप पुसले.

मशीननं थोडा वेळ गुरगुर केली. पडद्यावर नातवाचे फोटो आले, हवामानाचा अंदाज आला. विक्रेता म्हणाला, "आता गंमत बघा, पुसलेलं." आणि पडद्यावर बायकोनं मुलीला पाठवलेला एक जुना निरोप उमटला: 'आज गुरुवार. जाऊन आले. बरं वाटलं. बाबांना कळता कामा नये.'

त्याखाली तसाच आणखी एक. त्याखाली आणखी.

मोठे साहेब छताच्या पंख्याकडे अशा बारकाईनं बघू लागले, जणू तोही खरेदी करायचा होता.

"पुरे," कशालासाहेब म्हणाले.

विक्रेत्याला ही स्तुती वाटली. त्यानं तत्परतेनं एक पेन ड्राइव्ह त्यांच्या हातात ठेवला. "पूर्ण निघालेलं यात आहे सर. फक्त तुमच्यासाठी."

"आणि तुमच्या लॅपटॉपवर?"

"पुसलं, सर."

पुसलेलं परत आणणारं यंत्र विकणारा माणूस हे म्हणत होता.

बोळात त्यांनी बाईंना गाठलं. फाइल काखेत घट्ट होती. "माझाच फोन का?"

"तुम्हीच दिलात, सर."

"मी देईन, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"हो," बाई म्हणाल्या. "या इमारतीत दुसरं कुणी देणार नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. सर, महिनाअखेर निधी परत जाईल. ड्रायव्हरचा फोन..."

"फाइल माझ्याकडे राहील," ते म्हणाले आणि घरी गेले.

घरी दारातच त्यांनी बायकोच्या चपला उचलून पाहिल्या. तळाला जांभळ्या दोऱ्याचा एक तुकडा चिकटला होता. घरात जांभळं काहीच नव्हतं.

जेवताना त्यांनी सहज आवाज काढायचा प्रयत्न केला. "दुपारी बाहेर गेली होतीस?"

"का हो?"

"विचारतोय."

"ते तर ऐकलं," ती म्हणाली आणि त्यांच्या पानात वाढलं. तीस वर्षांत हे तिचं पहिलंच उलट उत्तर होतं.

मग गॅलरीत जाऊन त्यांनी मुलीला फोन लावला. आढेवेढे घेणं त्यांना जमत नसे.

"तुझी आई गुरुवारी कुठे जाते?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या जुन्या फोननं."

"मी पुसलं होतं, बाबा!"

"परत येतं. कुठे जाते?"

"बाजाराच्या मागे शिंप्याचं दुकान आहे ना, त्याच्यावर एक खोली आहे. मी भाड्यानं घेतलीये. आईसाठी."

"कोण असतं तिथे?"

"कुणी नसतं. तेच तर."

"मग ती करते काय?"

"बसते."

"आणि?"

"बहुतेक खिडकी उघडते. मी विचारत नाही, बाबा. विचारायचं नाही, असंच आमचं ठरलंय."

कशालासाहेबांचा यावर काडीचा विश्वास बसला नाही. काहीही न करण्यासाठी कुणी भाडं भरत नाही. ही गोष्ट कुठल्याच लेखापरीक्षणात टिकली नसती. मुलगी आईला सामील आहे, हे तर उघडच होतं. राहता राहिला पेन ड्राइव्ह. खरं-खोटं त्यात होतं. कचेरीतल्या संगणकाला लावायचा अवकाश.

पण कचेरीतल्या संगणकावर त्यांचा विश्वास नव्हता. तो मागे काय ठेवून घेईल, कोण जाणे. शेवटी एका दुपारी सगळे जेवायला गेलेले पाहून त्यांनी दार लोटलं, पेन ड्राइव्हचं टोपण काढलं आणि हात पुढे नेला. तिथे तो थांबला. आत काही वाईट निघालं, तर काय करायचं हे त्यांना पक्कं माहीत होतं: प्रश्न विचारायचे. पण खरोखरच 'बसते' एवढंच निघालं तर? नवऱ्याच्या घरात सगळं असून बायकोला नुसतं बसायला दुसऱ्याची खोली लागते, या मागणीवर शेरा काय मारायचा? असा शेरा त्यांच्या शाईत नव्हता. त्यांनी टोपण परत लावलं. त्यांना आयुष्यात प्रथमच एका कागदाची भीती वाटली होती, आणि तो तर कागदही नव्हता.

संध्याकाळी त्यांनी पेन ड्राइव्ह बायकोसमोर ठेवला आणि प्रात्यक्षिकापासून सगळं सांगितलं. ती हातातलं काम न थांबवता ऐकत होती.

"तुझं आहे," ते म्हणाले. "तुझ्याकडे ठेव."

"वाचलंत?"

"नाही."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून तो आवाज त्यांना क्षणभर शेजारचा वाटला. "अहो, तुम्ही औषधाच्या खोक्यातला चिटोरासुद्धा दोन्ही बाजूंनी वाचता."

"नाही वाचलं."

"खरं?"

"खरं."

"बरं," ती म्हणाली.

हा 'बरं' त्यांच्या ओळखीचा होता. हिशेब जुळलेला दिसतोय, पण गडबड कुठे आहे ते अजून सापडायचंय, असं वाटलं की ते स्वतः अगदी याच सुरात म्हणत. तिनं बोटानं पेन ड्राइव्ह त्यांच्याकडे सरकवला. "असू दे तुमच्याकडेच. वाचून झालं की सांगा."

रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. जन्मभर ते लोकांना 'पुरावा काय?' म्हणत आले होते. आता ते खरं बोलत होते आणि पुरावा नव्हता.

सकाळी ते थेट बिनखिडकीच्या खोलीत गेले आणि पेन ड्राइव्ह बाईंपुढे ठेवला. "हा कधीच उघडला गेला नाही, असं सिद्ध करता येतं?"

"बऱ्यापैकी येतं, सर. मशीन असलं तर."

"मशीन आलं असं समजा."

"मग हा त्याला जोडावा लागेल. म्हणजे आत काय आहे ते मला दिसणार. अहवालात लिहावंही लागेल." बाईंनी एक कोरा कागद पुढे ओढला. "आणि तक्रार कुणाची, तेही."

"म्हणजे कुणी वाचलं नाही हे दाखवायला कुणीतरी वाचायला हवं."

"असंच आहे ते."

कशालासाहेब स्टुलावर बसले. कपाटातल्या पाकिटांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. त्या प्रत्येक पाकिटात कुणाची तरी बायको, कुणाची तरी मुलगी, कुणाचा तरी गुरुवार होता. आणि एकात त्या ड्रायव्हरची सुटका असू शकत होती. त्यांनी काखेतली फाइल काढली, गुडघ्यावर ठेवली आणि हिरव्या शाईनं लिहिलं: मंजूर, लायसन्सच्या तीन वर्षांच्या तरतुदीसह, मात्र न्यायालयाचा लेखी आदेश असल्याशिवाय एकही फोन उघडू नये, आणि प्रात्यक्षिकालासुद्धा नाही. 'प्रात्यक्षिकालासुद्धा' याखाली दोन रेघा ओढल्या.

मग त्यांनी बाईंच्या टेबलावरचा दगडी पेपरवेट उचलला आणि पेन ड्राइव्हवर आपटला. दुसऱ्या घावाला त्याचे तुकडे झाले.

बाईंनी चष्मा केसांत खोचला. "अटकेच्या वेळी पडला, असं लिहू का?"

"लिहा," ते म्हणाले.

निधी परत जायच्या आत मशीन आलं. न्यायालयाच्या आदेशानं पहिला फोन ड्रायव्हरचा उघडला. तो खरंच दुसऱ्या गावात होता, चोरीच्या जागेपासून पुष्कळ लांब. तो सुटला. फोन फोडला कुणी, हे मात्र मशीनला सांगता आलं नाही, आणि त्याबद्दल मुख्यालयात कुणीही तक्रार केली नाही.

घरी त्यांनी पेन ड्राइव्ह फोडल्याचं सांगितलं. बायको म्हणाली, "आणि त्याची कॉपी?" खरंच, तिनं का विश्वास ठेवावा?

पुढच्या गुरुवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. दुपारी ती आतून आली, चपला घातल्या आणि दारात उभी राहिली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी ती थांबली, जरा जास्तच थांबली, हात कडीवर ठेवून.

"मी जाते."

"बरं," ते वर्तमानपत्रातून म्हणाले. या खेपेला त्यांनी तो शब्द जमेल तितका सपाट ठेवला.

ती एक पायरी उतरली आणि वळली. ते वाचत होते. आणखी दोन पायऱ्या उतरून ती पुन्हा वळली आणि कठड्यावरून वाकून तिनं उघड्या दारातून आत पाहिलं. वर्तमानपत्र हललं नाही. मग तिची पावलं सावकाश, एकेका पायरीवर विचार करत, खाली जाताना त्यांना ऐकू आली. आज यांनी काहीच कसं विचारलं नाही, या शंकेनं तिला दुपारभर त्या खोलीत धड बसता येणार नव्हतं, आणि त्याला त्यांचा काही इलाज नव्हता.