पुढच्या हंगामात

"कशावरून?" असं विचारताना मॅडम चष्मा कपाळावर चढवायच्या. तुमच्याही कॉलेजात किंवा कचेरीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यासमोर बोलण्याआधी आपण वाक्य मनात घोळवून घेतो. आमच्या मेडिकल कॉलेजात त्या प्राध्यापक होत्या आणि नव्यानं लागलेल्या आम्हा लेक्चररांना संशोधन शिकवण्याचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

"आज कॅन्टीनचा चहा सुधारलाय," असं मी एकदा सहज म्हणालो, तर चष्मा वर गेला.

"कशावरून? काल तर तुम्ही रजेवर होतात."

आमचे निबंध त्या लाल शाईनं रंगवायच्या, पण छापताना स्वतःचं नाव शेवटी टाकायच्या. कुणी लाजून पहिलं त्यांचं घालावं म्हटलं, तर म्हणत, "पाय तुमचे दुखले, नाव माझं कशाला?"

पाय खरोखरच दुखायचे. नवी मुंबई तेव्हा नुकती उभी राहत होती. वाशीला इमारती दिसू लागल्या होत्या, पण उरणच्या वाटेवर अजून मिठागरंच होती. तिथल्या एका गावात कॉलेजचं आरोग्यकेंद्र होतं. मिठागरात दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहून बायकांच्या पायांना भेगा पडत, भेगांच्या जखमा होत. आमच्या विभागानं एक मलम तयार केलं होतं. मॅडमनी मला पहिलं संशोधन दिलं ते त्याचंच. चिठ्ठ्या टाकून निम्म्या मिठागरांवर यंदा मलम आणि गमबूट द्यायचे, उरलेल्यांना पुढच्या हंगामात. दोन्हीकडचे पाय तपासले की या उपायांचा उपयोग कळणार होता.

मिठागरात राबणारी हिराबाई पुढच्या हंगामवाल्यांत आली. हसरी, ठसठशीत बाई. हंगाम भरात असताना तिची जखम चिघळू लागली. मी मॅडमना विचारलं, "तिला मलम देऊ का?"

"एकीला दिलंत की शेजारणी मागणार. मग ताडून काय बघणार?"

"पण मॅडम, तिला बरं वाटेल."

"कशावरून? तेच तर शोधतोय आपण. तिला शहरात हॉस्पिटलात पाठवा."

हिराबाई गेली नाही. "काम टाकून कशी जाऊ?" म्हणाली. शेवटी तापानं फणफणली, तेव्हा घरच्यांनी तिला उचलून नेलं. पायाची बोटं काढावी लागली.

मॅडम मला घेऊन तिला भेटायला गेल्या. खाटेशेजारी स्टुलावर बसल्या आणि आडपडदा न ठेवता म्हणाल्या, "हिराबाई, केंद्रात मलम होतं. तुम्हाला देऊ नका असं मीच सांगितलं होतं."

हिराबाईनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग विचारलं, "मंग माजा काय चुकला व्हता, बाय?"

परतताना मी म्हणालो, "मलमानं बोटं वाचलीच असती असं नाही." त्या एकदम थांबल्या. "मला माझंच शास्त्र शिकवू नका," म्हणाल्या, आणि गाडीत जाऊन बसल्या.

मलम आणि गमबूट गुणाचे निघाले. निबंध छापून आला, कौतुकही झालं. पण पुढचा हंगाम आलाच नाही. मिठागरांची जमीन नव्या शहरासाठी गेली, मुरमाचे ट्रक आले, भराव पडला. ज्यांना थांबा म्हणालो होतो, त्या बायका, एक हिराबाई सोडून, रोजगारासाठी पांगल्या. त्यांच्यासाठी आणलेले गमबूट केंद्रात तसेच पडून राहिले.

त्यानंतर मॅडमची शिकवणी बदलली. नवा लेक्चरर आला की त्या त्याला आधी हिराबाईच्या घरी न्यायच्या. ओटीवर बसून, तिच्यादेखत, सगळं सांगायच्या. मग विचारायच्या, "तुमच्या अभ्यासात थांबणाऱ्या माणसाचं दुखणं वाढलं, तर तुम्ही काय करणार? ते ठरल्याशिवाय मला काही दाखवू नका."

हिराबाई संकोचायची. "आता किती वेला सांगशीन, बाय? जाव दे."

मॅडम जाऊ देत नसत. निवृत्त होईपर्यंत त्यांनी हा नेम मोडला नाही. नंतर तो माझ्याकडे आला, तरी मॅडम सोबत यायच्याच. मॅडम गेल्या त्या वर्षीही मी दोघा नव्या लेक्चररांना घेऊन हिराबाईकडे गेलो. तिनं चहा ठेवला, माझ्यामागे दारात कुणी आहे का पाहिलं.

"बाय नाय आली?"

मी सांगितलं. ती चुलीपाशीच बसून राहिली. चहा उतू गेला, तरी तिनं भांडं उतरवलं नाही.

"भली बाई व्हती," ती म्हणाली. मग पदरानं डोळे पुसून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पन मलम द्याला पायजे व्हता."