काठीच्या रबरी कड्याचं पेटंट

भिंतीला टेकवलेली काठी घसरू नये म्हणून मुठीखाली बसणारं रबरी कडं मी उन्हाळाभर खपून बनवलं. आज ते घेऊन अमरावतीच्या वकीलबाईंकडे गेलो. पेटंट मिळेल का, एवढंच विचारायचं होतं.

त्या कडं फिरवत हसल्या. "काका, हे तं कोणालेही सुचन. माह्या आबाजीच्या काठीले सायकलच्या ट्यूबचा तुकडा असाच गुंडाळलेला होता."

आधी राग आला. मग मूर्तिजापूरचं स्टेशन डोळ्यांपुढे आलं. शकुंतला या छोट्या गाडीची वाट पाहणारे म्हातारे, भिंतीला टेकवलेल्या त्यांच्या काठ्या, प्रत्येकीला काळी ट्यूब. त्यात माझ्या बाबांचीही काठी.

म्हणजे मला ते सुचलं नव्हतंच, आठवलं होतं.

तुमच्या घरच्या काठीला काय गुंडाळलेलं असायचं?